विमान दीपिकाला, रिमोट सूरजला

मी, सोमाजी गोविंदा मारबते, वय अडुसष्ट, धंदा मासेमारी, राहणार मौजा बोडीटोला, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून आपल्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी रुखमाबाई हिचं मत वेगळं आहे, पण ती साक्षीदार नाही.

१. राहतं घर रुखमाबाईच्या हयातीत तिच्या ताब्यात राहील, नंतर मुलगा सूरज याच्या मालकीचं होईल. मात्र मधली खोली मुलगी दीपिका हिची. ती नवऱ्याला घेऊन कधीही आली तरी ती उघडी मिळावी. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून सूरज तिच्याशी बोलत नाही. राग मलाही आला होता. माझा निवळला, त्याचा निवळत नाही. एवढी एकच काळजी घेऊन मी जाणार आहे.

२. जाळी व डोंगा सूरजला. चुलतभाऊ देवाजी याला डोंगा मागितला तरी देऊ नये. मागे त्यानं तो खडकावर घातला आणि लाकूडच कच्चं होतं असं गावभर सांगत फिरला.

३. थर्माकोलचं विमान. हे कलम लांबलं तरी वकीलसाहेबांनी कापू नये.

दीपिका गडचिरोलीला शिकत होती, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत हे स्वतः बनवून घेऊन आली. तलाव आटला होता, त्याचा तळ हेच आमचं मैदान. रिमोट तिनं माझ्या हाती दिला. मी जन्मभर डोंगा वल्हवलेला माणूस. उजवीकडे वल्हं मारलं की डोंगा डावीकडे वळतो, हेच हाताला ठाऊक. विमान डावीकडे न्यायचं तर माझा अंगठा उजवीकडे गेला आणि ते थेट मोहाच्या झाडात शिरलं.

"बा, उलटं काऊन करून राह्यला? हा डोंगा नाई."

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रुखमाबाई म्हणाली, "तुह्या बाले मासेच धरू दे, बाई."

पण विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की उजवं-डावं उलटतं. तिथं दीपिका गडबडायची आणि माझा उलटा हात बरोबर पडायचा. मग ठरलंच. तिनं पाठवायचं, ते वळलं की "घे, बा" म्हणून रिमोट माझ्या हातात द्यायचा, मी उतरवायचं. मोडलेले पंख मी जाळ्याच्या दोऱ्यानं शिवले. तसे उन्हाळे पुन्हा आले नाहीत. दुपारी पाळीवर उभा राहिलो की मला तिची फार आठवण येते.

सूरजही डोंगाच वल्हवतो. त्याचाही हात उलटाच पडणार.

सबब, विमान दीपिकाला देतो आणि रिमोट सूरजला देतो. कोणी दुसरं नवीन आणू नये. माझ्यामागे तलाव आटेल त्या उन्हाळ्यात दोघांनी तळावर यावं. सूरजनं रिमोट आधी दीपिकाच्या हाती द्यावा, तिनं विमान पाठवावं. विमान वळलं की ती "घे, भाऊ" म्हणेल. त्या वेळी सूरजनं रुसून बसू नये, विमान खाली येत असतं. हात पुढे करावा.

हे मी सांगितलं तसंच लिहिलं गेलं आहे, वाचून पाहिलं, सही करतो.

सही: सोमाजी गोविंदा मारबते

साक्षीदार:
धनराज नान्हे, मच्छीमार सोसायटी, बोडीटोला
आशाबाई शेंडे, शेजारीण

ठिकाण: नागभीड
दिनांक: १२ एप्रिल २०२४