आता पुरे झाली भरपाई

शुक्रवार पेठ, सोलापूर
जुलै १९३२

प्रिय रामहरीस, अक्काचे पोटभर आशीर्वाद.

कालच्या गाडीने तू पाठवलेली सांडशी पोचली. गार्डसाहेबांनी नेहमीसारखा माणूस थेट घरी पाठवला. सांडशी झकास आहे, भरलं पातेलं उचललं तरी हलत नाही. पण बाबा रे, माझ्या घरात आता दारांपेक्षा कड्या जास्त झाल्यात. तवे, उलथनी, फुंकण्या ठेवायला फळी पुरत नाही. शेजारच्या बसम्मा परवा म्हणाल्या, "तुमचा भाऊ वर्कशॉपात हाय, का वर्कशॉपच तुमच्या घरात आलंय?" सुट्टीच्या दिवशी पदरचं लोखंड घेऊन तू हे घडवत बसतोस, ते मला ठाऊक आहे. वस्तू येतात, तू मात्र येत नाहीस. मी कुर्डुवाडीला आले तर स्टेशनावर उभ्याउभ्या भेटतोस, आणि माझी अनू बरोबर आहे असं कळलं की तेवढंही नाही. तुझी ड्यूटी बरी नेमकी तेव्हाच लागते!

ह्यांचं तुला माहीत आहेच. हायस्कुलात मुलांना इंग्रजी शिकवून भागत नाही म्हणून घरी आम्हाला शिकवतात. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. जर्मनी लढाईत हरली, तेव्हापासून जिंकलेल्यांना ती जी भरपाई देते आहे, तिला इंग्रजीत 'रेपरेशन्स' म्हणतात म्हणे. नुसता पैसा नाही, कोळसा, लाकूड, आगबोटीसुद्धा दिल्या. मी म्हटलं, मग सरळ नुकसानभरपाई म्हणा की. तर म्हणाले, तसं नव्हे. रेल्वेने पोतं हरवलं तर मिळते ती भरपाई, तिथे कुणाच्या जिवाला काही लागत नाही. या शब्दात दोष आपला हे पत्करणं आलं, आणि बिघडलेलं होईल तेवढं नीट करण्याची धडपड आली. वर्तमानपत्रात तो देशादेशांच्या देण्याघेण्याला वापरतात, पण मुळात दोन माणसांमधल्या गोष्टीलाही लागतो. मी पीठ मळत होते. पटकन तोंडातून गेलं, अहो, मग कुर्डुवाडीहून आपल्याकडे इतकी वर्षं हेच येतंय! हे खो खो हसले. मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, स्वित्झर्लंडात लोझान म्हणून गाव आहे, तिथे सगळे एकत्र बसून हे आता जवळपास बंदच करायला निघालेत. त्यासाठी देणारा आणि घेणारा दोघेही समोरासमोर यावे लागतात.

रामहरी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तू सात वर्षांच्या भाचीला हौसेने तुझा कारखाना दाखवायला नेलंस. लाल लोखंडाला हात लावायचा नाही, एवढं तिला चारचारदा बजावलंस. पोरीने तुझं ऐकलं. लाल सोडून काळं झालेलं उचललं. लाली गेली तरी लोखंड किती वेळ भाजतं हे तुम्हा लोहारकामाच्या माणसांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते दुसऱ्याला सांगायचं असतं हेच सुचत नाही. मी तेव्हा रागावले होते, आई होते ना! पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, तरी तो राग काही राहिला नाही. काळजी तेवढी राहिली. हिचं पुढे कसं व्हायचं, हिला कोण पदरात घेणार, या विचाराने कैक रात्री जागून काढल्या.

आता ताजी बातमी ऐक. बार्शीची मंडळी अनूला बघायला आली होती. मुलगा जिनिंग फॅक्टरीत कारकून आहे, आणि सगळी सूत्रं आईच्या, दगडाबाईंच्या हातात. मी अनूला बजावलं होतं, हात पदराखाली ठेव. ही बया चहा देताना मुद्दाम उजवाच हात पुढे करते! दगडाबाईंनी तो हात धरला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "लई दुखलं आसंल की गं पोरी." मग विचारलं, "भाकरी थापतीस का ह्या हातानं?" अनू म्हणाली, "थापते की. चुलीपाशी या, दाखवते." आणि खरंच पीठ घेऊन बसली. भाकरी एका बाजूला जाड झाली, पण टम्म फुगली. दगडाबाईंनी ती तिथेच चटणीशी खाल्ली, हात धुतला आणि मुलाच्या बापाला हाक मारली, "आवो, सुपारी काडा." मी मागच्या अंगणात जाऊन रडले आणि हसलेही. छातीवरचा धोंडा उतरला रे. आज इतक्या वर्षांनी दुपारी गाढ झोपले.

लग्न मार्गशीर्षात. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं काम मामाचं. सख्खा मामा तू एकटा. तू यायचा नाहीस असं धरून भावकीतल्यांनी चुलतभावाचं, हिंदुरावाचं, नाव पुढे केलं. तेव्हा अनू सगळ्यांसमोर म्हणाली, रामहरीमामा येणार नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. आणि त्याने डावा हात धरलेला मला चालणार नाही, उजवाच धरायचा. तो हात त्या दिवसानंतर तू पाहिलेलाच नाहीस. आता तो दुखत नाही, रामहरी. घट्ट धरलास तरी चालेल.

तुझीच,
अक्का