चौथं स्थान आमच्या दारात

घरून, ७ मार्च

चि. धाकट्यास,
आजीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

जग तुला फादर म्हणतं, म्हणू दे. मी तुझं शेंबडं नाक पुसलंय, माझ्या तोंडून ते निघायचं नाही. कपाळाला राख लागली, उपासकाळ सुरू झाला. गुडघे दुखतात, पण ते बारा महिने दुखतात, त्यात पुण्य काही नाही.

चर्चला नवे पाद्री आलेत. आम्ही त्यांना घाईबाबा म्हणतो. मिस्सा अशी उरकतात, जणू बाहेर गाडी सुटायला आलीय. राखेच्या बुधवारी त्यांनी जाहीर केलं की यंदापासून गुड फ्रायडेची क्रुसाची वाट एकाच भाषेत चालेल, म्हणजे त्यांच्या. कारण काय, तर एकी. तुला ठाऊकच आहे, मिरवणूक गल्लीगल्लीतून चौदा स्थानांवर थांबत जाते, एक स्थान त्यांच्या भाषेत, पुढचं आपल्या. आणि चौथं स्थान, जिथे येशूला आई भेटते, ते आपल्या दारात. तुझ्या पणजीपासून. टेबल मी मांडते, मेणबत्ती समोरची बेकरीवाली धरते. ती त्यांच्यातली, तिला आपलं अक्षर कळत नाही, पण रडते बरोबर जागी. एकी आणखी काय असते रे?

मी ऑफिसात गेले. शिंपीणबाईला सोबत नेलं, एकटी गेले की माझा आवाज चढतो. आपले म्हातारे पाद्री लांबच्या चर्चला बदलून गेले, त्यांना त्या दिवशी तिथली वाट चालवायची असते. शिंपीणबाई म्हणाली मी वाचते. घाईबाबा म्हणाले, पाद्रीच हवा. तुमच्या भाषेतला कुणी आणलात तर माझी हरकत नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं की आहे, माझा नातू आहे, बिशपच्या ऑफिसात बसतो.

तर ये. रजा मागायची लाज वाटत असेल तर सांग, म्हातारी अंथरुणाला लागली. ते खोटं माझ्या नावावर घाल. तिथे आधीच गर्दी आहे, एक वाढलं तर कुणाला कळायचं नाही.

लोभ वाढवावा असं मी लिहीत नाही. आहे तेवढा वापर, म्हणजे झालं.
तुझी आजी


बिशप हाउस, १६ मार्च

ती. आजीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना तू समोर बसून रागावतेयस असंच वाटलं. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर बाबांना सांग, भिडेखातर दुखणं अंगावर काढू नकोस. भीड तुला कुणाचीच नाही म्हणा.

इथे कामाचा डोंगर आहे. ईस्टरच्या आधी बिशपना माझ्याशिवाय कागद सापडत नाहीत. आजी, थोडं त्यांच्या बाजूनेही बघ. आपल्याकडच्या मुलांना तरी आता आपल्या भाषेतली प्रार्थना कुठे कळते? आणि देवाला सगळ्या भाषा कळतात.

तरी विचारून बघतो. पण मी येणारच असं कुणाला सांगू नकोस.

प्रार्थनेत आठवण ठेव, रागातही ठेवलीस तरी चालेल.
तुझा,
धाकटा


घरून, २५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

देवाला सगळ्या भाषा कळतात हे मलाही ठाऊक आहे. मला एकच कळते, म्हणून तर भांडतेय.

कुणाला सांगू नकोस म्हणालास, पण शिंपीणबाईला आधीच सांगून झालं होतं, आणि तिला सांगणं म्हणजे चर्चची घंटा बडवणं. आता रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तालीम असते. जे नाताळाशिवाय तोंड दाखवत नव्हते तेसुद्धा येतात. प्लंबर खालचा सूर लावतो आणि नळाचं पाणी जावं तसा मध्येच बंद पडतो. शिंपीणबाई इतकी वर चढते की खाली उतरवायला शिडी लावावी. मुलांना कळत नाही म्हणालास ना, तिच्या दोन्ही नातींना चौथ्या स्थानाचं गाणं पाठ झालंय. अर्थ विचारतात. विचारतात म्हणजे उद्या कळेल.

तुझा बाप म्हणतो, आई, एवढं मनावर घेऊ नकोस. त्याने जन्मात काही मनावर घेतलं नाही, म्हणून त्याची तब्येत चांगली.

तू आला नाहीस तर माझी मान खाली जाईल, ते काही नाही, ती वयाने गेलीच आहे. पण वाट आपल्या दारावरून मुकी जाईल. एकदा मुकी गेली की पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही. उत्तर दे, आणि ते उत्तर असू दे, प्रवचन नको.

कळावे, आणि कळून वळावे.
आजी


बिशप हाउस, ५ एप्रिल

ती. आजीस,
कृ. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. परवानगी मिळाली. तुझ्या घाईबाबांचंही निमंत्रण आलं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पोहोचेन, उतरेन पाद्रींच्या बंगल्यात. चौथ्या स्थानाला तुझ्या दारात मीच असेन. बाकी भेटीत.

तुझा,
धाकटा


घरून, २३ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

ईस्टरला घरात पाहुणे होते, त्यांच्यासमोर बोलले नाही. म्हणून लिहिते.

आम्ही सगळे दारात उभे होतो. प्लंबरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिंपीणबाई नातींना पुढे ढकलत होती. तू लाल झगा घालून आलास, पायरीशी थांबलास, माझ्याकडे बघितलंस आणि पटकन पुस्तकात बघायला लागलास. मला वाटलं, पोरगं बावरलं. तू वाचायला लागलास ते त्यांच्या भाषेत. मी म्हटलं, आधी त्यांच्यात वाचेल, मग आपल्यात. आमची माणसं सूर धरायला तोंड उघडून उभी. तू पुस्तक मिटलंस आणि पुढे निघालास.

प्लंबरचं तोंड तसंच उघडं राहिलं. धाकट्या नातीने आपलं गाणं सुरू केलं तर शिंपीणबाईनेच तिच्या तोंडावर हात ठेवला. बेकरीवालीला यंदा शब्द न् शब्द कळला असेल, पण रडली नाही, मेणबत्ती धरून माझ्याकडे बघत राहिली. आई मुलाला भेटली, आणि तो काय म्हणतोय ते तिला कळलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात तू म्हणालास की बिशपचं तुझ्याकडे लक्ष आहे, आपल्या भाषेत उभा राहिलास तर लोक म्हणतील हा एकाच बाजूचा पाद्री, आणि तुला सगळ्यांचा व्हायचंय. त्या सगळ्यांत आम्ही बसत नाही का, हे विचारायच्या आत तू हात धुऊन निघालास.

आपली भाषा आता येत नाही म्हणाला असतास तर मी गप्प बसले असते. जीभ गंजते माणसाची. पण जाताना उंबऱ्याला ठेच लागली तेव्हा जे तोंडातून निघालं ते अस्सल आपलं होतं, आणि पाद्रीला शोभणारं नव्हतं. म्हणजे येतं तुला.

घाईबाबांचा मला राग नाही. त्यांनी जे केलं ते सगळ्यांसमोर सांगून केलं.

आजी


बिशप हाउस, २ मे

ती. आजीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिव्हारी लागलं. कदाचित लागायलाच हवं होतं. आधी कळवायला हवं होतं, पण तुझ्या तालमीचं वाचलं आणि हात धजावला नाही.

एक बातमी. जूनपासून आपल्या चर्चची जबाबदारी माझ्याकडे येतेय. घाईबाबांची बदली झाली. तुला आनंद होईल वाटलं होतं. तिथे पाय रोवले की आपल्या भाषेचंही बघू, महिन्यातून एखादी मिस्सा, हळूहळू. तुझ्या या वयात मी जवळ असेन, हेही काही कमी नाही. राग सोड.

तुझा,
धाकटा


घरून, ९ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

ये. बंगल्यातला नळ गळतो, प्लंबरला सांगू नकोस, तो यायचा नाही. जेवायला घरी येत जा, घरात जे असेल ते वाढीन.

चौथं स्थान मी आपल्या दारातून काढायला सांगितलंय. दवाखान्याच्या भिंतीशी जागा बरी आहे, डॉक्टरीणबाई त्यांच्यातल्याच, त्यांना कळेल तरी.

आता शेवटचं. मी काही आज जात नाही, पण गेले की माझ्या मातीला तू पुढे उभा राहायचं नाहीस. तुझ्या तोंडून त्यांची भाषा मला नको. गेलेल्या म्हातारीसाठी म्हणून बाहेर काढलेली आपली तर मुळीच नको. आपल्या म्हाताऱ्या पाद्रींना मी निरोप धाडलाय, त्यांनी येतो म्हणून कळवलंय. ते माझ्या आधी गेले तर शिंपीणबाई एकदा ‘आमच्या बापा’ची प्रार्थना म्हणेल, मला तेवढं पुरे. तू झगा उतरवून ये. पेटीच्या डाव्या बाजूला खांदा दे. उजवीकडे तुझा बाप असेल, त्याला झेपायचं नाही, तर जरा सांभाळून चाल.

आशीर्वाद आहेत. लोभाचं तुझं तू बघ.
आजी