शिंगांचा लाल रंग

वहिनी,

मी सायकलनं इतवारीच्या बाजारात चाललो. बापूजी बाराच्या एसटीनं नरखेडहून येऊन राहिले. पोळ्याले बैलांची शिंगं रंगवाले त्याइनं लाल रंगाचा डबा मले आणून ठेवाले सांगितला होता. तो मी माह्या इलेक्ट्रिक गिटारले लावून टाकला. तसाच दुसरा डबा आणतो.

गिटार मागच्या खोलीत खुंटीले टांगली आहे. तीन दिवस झाले, सुकूनच नाही राहिली. बोट लावलं का ठसा उमटते. बापूजीले समोरच बसवा, चहा द्या, गिरिधर लायब्ररीत गेला म्हणा. त्याइच्या हिशेबानं मी परीक्षेचा अभ्यास करून राहिलो.

वास येईल. खिडकी रंगवली म्हणा. नाही, तसं म्हणू नका, ते पाहाले जातील.

मागल्या पोळ्याले त्याइनंच मले शिकवलं होतं का जुना रंग काचेनं खरडून काढायचा, मगच नवा लावायचा, नाही तर धरत नाही. मी जुन्या पॉलिशवरच फासला.

वहिनी, चहा देता देता एवढं विचारून ठेवा, रंग चिकट राहिला तर काय करावं. त्याइच्याशिवाय हे मी कोणाले विचारू? फक्त शिंगाचं म्हणून विचारा.

गिरिधर