अक्काच्या जांघेतलं गळू

कुंभकोणम्, गुरुवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

अक्का शुद्धीवर आली, ताप उतरतो आहे. तरी डॉक्टरबाईंनी वाडग्यात दाखवलेली ती वस्तू डोक्यातून जात नाही.

माझी ही थोरली बहीण आठवडाभर जांघेतल्या गाठीला गळू समजून तांदळाच्या पिठाचं पोटीस बांधत होती. आज शेजारच्या पट्टीश्वरम गावचा न्हावी ते फोडायला येणार होता. आमच्याकडे गळवं तोच फोडतो. पहाटे तिला उलट्या झाल्या म्हणून आधी इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी हात लावताच सांगितलं, हे गळू नव्हे, अंतर्गळ, म्हणजे हर्निया. भूल देऊन फाडलं. आत आतड्याचा वेढा असेल अशी त्यांची अटकळ. निघालं सुजून लाल झालेलं अपेंडिक्स, करंगळीएवढं. ते कापलं आणि ज्या वाटेनं उतरलं ती टाके घालून बंद केली.

“पण ते इथवर आलं कसं?” मी विचारलं.

“ठाऊक नाही. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं आजच.”

करंगळीएवढी वस्तू, पोट सोडून मांडीच्या मुळाशी. का? आणि न्हाव्याची सुरी आधी लागली असती तर?

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं.

“तू बातम्या देतोस त्या पेपरात लिही रे,” ती म्हणाली. “सगळ्याच बायका पोटीस बांधतात. पण जांघ म्हणू नकोस, पोट म्हण. चारचौघं वाचतात.”

“पोट म्हटलं तर कुणाला कळायचं, अक्का?”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. “मग माझं नाव नको.”