घोड्यांच्या पाळण्यावरून आलेली हाक

प्रिय आये,

तू गेलीस त्याला या शिमग्याला सहा वर्षं होतील. सहा वर्षांत मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहिली असती तरी तुला वाचता कुठं येत होतं! मी शाळेतून धाडलेली पत्रं आण्णा मोठ्यानं वाचायचे आणि तू चुलीपुढं बसून ऐकायचीस. पण हे पत्र आण्णांनी वाचून दाखवायचं नाही. हे तुझं तू ऐक.

सांगलीत नदीकाठच्या मैदानावर पुन्हा पाळणे आलेत गं. माझ्या सासरच्या माडीवरून आकाशपाळण्याचं वरचं टोक दिसतं. आठ दिवस मी त्या बाजूची खिडकी उघडली नव्हती. यांना वाटलं, दिवस गेलेत म्हणून हिला गोंगाट सोसत नसेल. हो आये, मला सातवा लागलाय! आण्णा मला बाळंतपणाला न्यायला आलेत, परवा आम्ही निघू. आणि काल आण्णा मला त्या पाळण्यांकडं घेऊन गेले. तिथं जे कळलं त्यानंतर तुला लिहिल्यावाचून राहवेना.

आधी त्या हाकेचं सांगते. ते आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

तुझे दिवस उरकून मी सांगलीला मावशीकडं परत आले, त्याच आठवड्यात. वर्गात भूगोलाचा तास चालू होता. डाव्या कानाशी तुझी हाक आली, "कुसेऽऽ!" मग समोरून गेली, मग उजवीकडं लांब लांब जात विरली. मी वही घट्ट धरून बसले. वीस मोजेपर्यंत काही नाही. आणि पुन्हा डावीकडून, "कुसेऽऽ!"

एका जागेवरून ती येत नाही, आये. ती गोल फिरते.

हळदीच्या पेठेतून जाताना आली. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा आली. मावशीनं अंगारा लावला, लिंबू उतरून टाकलं. काय उपयोग? रडवा आवाज असता तर मी समजले असते. पण तू त्या हाकेत हसत असतेस! भूत असलं तर घालवतात. हसणाऱ्या आईला कुठं घालवायचं?

तो दिवस तुला आठवतो का गं? मला तर त्या दिवसाचा वाससुद्धा आठवतो. इंजिनाचं तेल, भाजलेल्या शेंगा आणि तुझ्या नव्या लुगड्याची खळ.

मी नववीत होते. मेढ्याच्या पुढं आपल्या गावात सातवीच्या वर शाळा नव्हती, आणि "माझी पोरगी भात लावत जलम काढायची न्हाई" म्हणून तू आण्णांशी महिनाभर अबोला धरला होतास. तेव्हा कुठं मी मावशीकडं आले. इथं आल्यावर मी पहिल्यांदा काय शिकले ठाऊक आहे? 'हाय' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'आय' नाही, 'आई'. वर्गातल्या मुली हसायच्या. वर्षभरात मी इतकी घासूनपुसून बोलायला लागले, की मी कुठल्या गावची ते कुणाला ओळखू येईना. मला त्याचा केवढा अभिमान होता!

त्या दिवशी शाळा सुटली तर फाटकाशी तुम्ही दोघं उभे. मिरजेच्या दवाखान्यातून सरळ आलेले. तुझं पोट दुखतं, एवढंच मला माहीत होतं. आण्णा म्हणाले, "चल कुसे, पाळण्यात बसाय जाऊ."

आण्णा! जत्रेत गेलं की देवाला हात जोडायचे आणि आल्या पावली घरी फिरायचं, हा ज्यांचा नियम, ते आण्णा! फौजेतून आल्यापासून त्यांना मी कधी बत्तासासुद्धा खाताना पाहिलं नव्हतं. तू पदर तोंडाला लावून हसलीस. "मिरजंचं पानी लागलं वाटतं तुज्या आण्णास्नी!"

काय काय केलं आपण! आधी ती लहान मुलांची आगगाडी. तू गुडघे पोटाशी घेऊन त्या एवढ्याशा डब्यात बसलीस आणि बोगदा आला की पोरांपेक्षा मोठ्यानं ओरडलीस. मग फुगे फोडायची बंदूक. आण्णा पलटणीत निशाणेबाज होते ना? तरी त्या दिवशी एक फुगा फुटला नाही. मला वाटलं, बंदूकच खोटी असणार.

मग आरशांचा तंबू. एका आरशात तू बुटकी, गोलमटोल दिसलीस. त्याच्यापुढून हलेचनास. "आवं, बगा तरी! कसं अंग धरलंय मी!" आण्णांनी बघितलं नाही. ते तंबूबाहेर निघून गेले, आणि तू त्यांच्या मागोमाग गेलीस. मी आत वेडीवाकडी तोंडं करत राहिले.

आकाशपाळण्यात आपण दोघीच बसलो, आण्णा खालीच थांबले. तो अगदी वर जाऊन थांबला तेव्हा तू माझा हात धरलास. खाली नदी, पलीकडं उसाचं रान, उन्हं कलायला लागलेली. तू म्हणालीस, "कुसे, हितनं आपलं गाव दिसंल का गं?" मी म्हणाले, "इतक्या लांबचं कसं दिसेल? काहीतरीच तुझं!" दिसतंय म्हणाले असते तर माझं काय गेलं असतं?

आणि शेवटी घोड्यांचा गोल पाळणा. तुला तो सगळ्यांत आवडला. एका कानाचा टवका उडालेला पांढरा लाकडी घोडा तू निवडलास. काष्टा आवरून, टांग टाकून, घोड्यावर अशी बसलीस की फिरवणारा माणूसही बघत राहिला. मी बसले नाही. घोडे लहान मुलांचे असतात, मी आता मोठी झाले, असं काहीतरी बोलले. खरं म्हणजे तोवर मला सुलभा दिसली होती.

सुलभा माझ्या वर्गातली, डॉक्टरांची मुलगी. तिच्याबरोबर आणखी दोघी. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि पाळणा सुरू झाला.

"कुसेऽऽ! आगं बग की! लय मज्जा येतीया!"

पहिल्या फेरीला मी खाली बघितलं. दुसऱ्या फेरीला वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागले. तिसऱ्या फेरीला तू दोन्ही हात सोडून हाक मारलीस. सुलभा म्हणाली, "अय्या, ती बाई तुलाच हाक मारतेय का गं?"

मी म्हणाले, "छे, माझ्या ओळखीची नाही." तेव्हा तू नेमकी आमच्यासमोरून जात होतीस.

त्यानंतर तू हाक मारली नाहीस. पाळणा अजून दोनदा फिरला. दोन्ही खेपेला तू मान वळवून पलीकडं बघत होतीस.

उतरलीस, आणि मला वाटलं, आता ही येऊन माझ्या गळ्यात पडणार.  पण तू काय केलंस, आये? आमच्याजवळून जाताना माझ्याकडं न बघता म्हणालीस, "जरा सरा गं पोरींनू, जाऊ द्या मला." परक्या बाईसारखं! आणि आण्णा शेंगावाल्यापाशी होते तिथं जाऊन पाठमोरी उभी राहिलीस. त्या तिघी जाईपर्यंत तशीच.

एवढं कशाला समजूतदार व्हायचं? फाडकन एक थोबाडीत का नाही मारलीस? गाल दोन दिवस दुखला असता. हे सहा वर्षं दुखतंय.

मावशीकडं तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. सकाळी तुमची एसटी होती. शाळेत चाचणी आहे, असं सांगून मी स्टँडवर आले नाही. चाचणी नव्हती. तुझ्या डोळ्यांकडं बघायचं धाडस नव्हतं. दोन महिन्यांनी तार आली. मी गावात पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं आणि तुझे डोळे मिटलेले होते.

आता कालचं.

आण्णा थकलेत गं. चालताना माझ्यासाठी हळू चालतात असं दाखवतात, पण दम त्यांनाच लागतो. मैदानात शिरलो आणि मला तो पाळणा दिसला. तोच! घोड्यांना नवा रंग दिलाय, पण पांढऱ्याचा कान तसाच आहे. माझे पाय थांबले, आणि मी तिथंच आण्णांना सगळं सांगून टाकलं. सुलभा, रिबीन, 'ओळखीची नाही', सगळं.

आण्णांनी घोड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय पोरी."

"कसं?"

"एस्टीत तुज्या आयनंच सांगितलं. म्हनली, खोटं बोलताना पोरीची मान वर न्हवती. टोचलंय तिला. टोचतंय तवर तिची काळजी न्हाई."

 "मग तुम्ही मला सहा वर्षांत सांगितलं का नाही, आण्णा?"

"तिनं बजावलं हुतं. पोरीला कळू देऊ नगा म्हनून. आन तू तरी कवा इचारलंस?"

मग मी दुसरं विचारलं, आये. त्या दिवशी दवाखान्यात काय झालं होतं? आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, आता घरी न्या, काय हवं-नको ते बघा. "म्या तिला काय बी सांगितलं न्हवतं. पन त्या आरशाच्या तंबूभाईर माज्या मागं आली. म्हनली, आवं, डाक्टर काय बोलला ते सांगू नगा. मला कळलंय. आज निस्तं फिरवा."

म्हणजे तुला ठाऊक होतं! आकाशपाळण्यातून तू गाव शोधत होतीस तेव्हा ठाऊक होतं. त्या घोड्यावर बसून माझं नाव घेत होतीस तेव्हा ठाऊक होतं. गोल फिरून तू पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येत होतीस, आणि मी रिबीन बांधत होते.

मी तिथं किती रडले ते सांगत नाही. लोक बघत होते. आण्णा म्हणाले, "तू बसू नगंस, तुला जड हाय. थांब हितं." आणि काय केलं असेल त्यांनी? धोतराचा सोगा खोचला आणि स्वतः जाऊन एका तांबड्या घोड्यावर बसले! जन्मात कधी पाळण्यात न बसलेला माणूस, दोन्ही हातांनी दांडा धरून, ताठ, जसा काही परेडला निघालाय.

पाळणा सुरू झाला. आण्णांनी हाक मारली नाही. मीच मारली. "आण्णाऽऽ!" ते समोरून गेले. पुन्हा आले. "आण्णाऽऽ! माझे आण्णा आहेत ते!" मी शेजारच्या बाईला सांगितलं. तिनं विचारलंही नव्हतं! तिसऱ्या फेरीला त्यांनी लाजत एक हात वर केला.

पण एक सांगू? खोटं वाटेल. सगळ्या घोड्यांवर माणसं होती, पोरं तर दोन दोन बसलेली. तुझा पांढरा घोडा तेवढा रिकामा होता. पाचही फेऱ्या. मी फिरवणाऱ्याला विचारलं, मोडलाय का तो? तो म्हणाला, "न्हाई की बाई, चांगला हाय. कुनी बसलं न्हाई बगा, का ते ठावं न्हाई."

आज सकाळी मी सुलभाकडं गेले. तिला इथंच सांगलीत, गावभागात दिलंय, दोन मुलं आहेत. चहा केला, तुझ्या बाळाला झबली शिवून देते म्हणाली. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सुलभा, नववीत असताना घोड्यांच्या पाळण्यावर एक बाई मला हाक मारत होती. तू विचारलंस आणि मी ओळखीची नाही म्हणाले. ती माझी आई होती."

ती म्हणाली, "कुठली बाई? मला तर काहीच आठवत नाही गं."

तिला आठवत नाही, आये! जिच्यासाठी मी तुला नाकारलं, तिच्या मनात त्या गोष्टीनं एक दिवससुद्धा काढला नाही. तरी मी पुन्हा सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, गाव सांगितलं, तू घोड्यावर कशी बसली होतीस तेही सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला. घरी आले तर वाटलं, आता हाक बंद होईल.

नाही झाली. हे लिहितानाच दोनदा आली. पण आज मी कान झाकले नाहीत. पहिल्यांदाच पुरतं ऐकलं. तू दमलेली वाटतेस गं. थांबायचं असलं तर थांब. यायचं असलं तर ये. मी तुला घालवायला आता कुणाकडं जाणार नाही.

आणि एक वचन देते. माझ्या पोटातलं हे लेकरू मोठं होईल, शाळेत जाईल, माझ्यापेक्षा घासूनपुसून बोलेल. एक दिवस त्यालाही माझी लाज वाटेल. वाटणारच. त्या दिवशी तू सरलीस तशी मी बाजूला सरणार नाही. मी तिथंच, त्याच्या दोस्तांच्या देखत, त्याच्यापुढं जाऊन उभी राहीन आणि म्हणेन, "बाळा, मी तुझी आई हाय." रागावलं तर रागावू दे. माझ्यासारखं जन्मभर मान खाली घालायची पाळी मी त्याच्यावर येऊ देणार नाही.

तुझी, सगळ्यांदेखत तुझी,
कुसुम