आधीच केलेली सही

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते फाडलं नसशील, तर हे शेवटपर्यंत वाच. अकरा वर्षं आपण बोललो नाही. तुझ्या वहिनीच्या दफनाला आलास, मागे उभा राहिलास आणि माझं लक्ष जायच्या आत निघूनही गेलास. लक्ष गेलं होतं माझं. तुझा डावा हात कोटाच्या खिशात होता. त्या हाताबद्दलच मला काही सांगायचं आहे. सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलं नाही, तेव्हा जरा धीर धर.

इथे ठीक आहे, म्हणजे कसं आहे हे विचारणारं कुणी नाही, म्हणून ठीक आहे. दोन खोल्या, एक घड्याळ आणि मी. टपालवाला अधूनमधून खालच्या शिंपिणीचं पत्र माझ्या दारात टाकतो. ते द्यायला जिना उतरतो, तेवढंच माणसाशी बोलणं होतं. परवा तो बरोबर दारी टाकून गेला, तर मला चक्क वाईट वाटलं. वहिनी गेल्यावर मी तिचं बायबल उघडलं. ती रोज सकाळी एक अध्याय मोठ्याने वाचायची आणि मी ऐकल्यासारखं करायचो. आता मीच वाचतो, पहिल्या पानापासून, काही न गाळता. तीस वर्षं बॉयलरवर काढलेला, दर तासाला रजिस्टर भरलेला माणूस मी. अध्याय संपला की समासात पेन्सिलीने तारीख आणि सही. वंशावळ्यांनी जीव मेटाकुटीला आणला, बलिदानांच्या नियमांवर डुलक्या घेतल्या, पण सही चुकवली नाही.

वाचायला बसलो होतो तो तक्रार घेऊन. चौकशी करून तुझा बॉयलरचा परवाना काढून घेणारे कारखान्याचे मोठे साहेब मानाने निवृत्त झाले, तू मात्र दोन आखडलेल्या बोटांनी कुठल्याशा गोदामाची दारं उघडत-लावत बसलास. देवाघरी न्याय आहे की नाही, ते मला बघायचं होतं. अध्यायाच्या जोडीला एखादं स्तोत्र वाचायचो आणि जिथे दुष्टांचा नायनाट मागितलेला असेल, तिथे साहेबांना बसवायचो. अगदी चपखल बसायचे.

मग गेल्या महिन्यात एके दिवशी डोळे तपासायला दवाखान्यात जायचं होतं. सकाळी घाईच होणार, म्हणून त्या दिवसाच्या अध्यायावर आदल्या दिवशीच सही ठोकून ठेवली. दुसऱ्या दिवशी पान उघडलं, तर न वाचलेल्या अध्यायाखाली माझी सही. धाकट्या, मी पुस्तक मिटायला निघालो होतो. तरी वाचलं. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावल्याची गोष्ट संदेष्टा राजाला सांगतो. राजा संतापतो, आणि राजापेक्षा मी जास्त संतापलो. मग संदेष्टा राजाकडेच बोट दाखवतो: तो श्रीमंत तूच. साहेबांना त्या जागी बसवायला गेलो, पण ते काही केल्या बसेनात.

आता ऐक. अकरा वर्षांपूर्वी तुझा हात भाजला, त्या दिवशी माझी पाळी दोनला संपत होती. दोन वाजताची नोंद मी एक वाजताच रजिस्टरमध्ये लिहून टाकली होती: पाणी बरोबर, दाब बरोबर. हात काळे व्हायच्या आत शेवटची ओळ भरून मोकळं व्हायचं, ही आम्हा जुन्या लोकांची खोड. दोनला मी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे पाहिलंच नाही. पंप पाणी ओढत नव्हता, पाणी काचेखाली गेलं होतं. तू आलास, रजिस्टर पाहिलंस, दादाचं अक्षर दिसलं आणि आग वाढवलीस. कोरड्या बॉयलरच्या नळ्या फुटल्या आणि वाफ तुझ्या हातावर आली. चौकशीत त्यांनी तीच ओळ वाचली आणि पाणी तुझ्या पाळीत गेलं असं ठरवलं. मी समोर बसलो होतो, तोंडातून शब्द काढला नाही. तू स्वतः काच बघायला हवी होतीस, असं मी अकरा वर्षं मनाला समजावत आलो. वहिनीलाही सांगितलं नाही. हे माहीत असलेला जगात मी एकटाच, ह्या विचाराने मी आतून पोखरून निघालो.

पण रोज वाचता वाचता एक गोष्ट मला कळली. मी एकटा नव्हतो. देवाघरच्या न्यायाला रजिस्टर लागत नाही. तू निर्दोष आहेस हे तिथे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आधी मला ह्याची भीती वाटली. मग, तुला विचित्र वाटेल, पण त्याचाच आधार वाटायला लागला. राजालाही सगळं उघडं पडल्यावरच रडता आलं होतं.

काल कारखान्यात जाऊन नव्या मुख्य इंजिनिअर बाईंना सगळं लेखी दिलं. त्यांनी जुनी फाईल मागवली, दोनची ती ओळ शोधून काढली. पुढच्या महिन्यात पुन्हा चौकशी बसेल. तुला तसं पत्र येईल, आणि ते येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो आहे. माझ्या पेन्शनचं जे व्हायचं ते होवो. चूक कुणाची असं विचारतील, तेव्हा मी माझं नाव घेणार आहे. तू यायलाच हवं असं नाही. पण आलास, तर माझ्या शेजारी बसू नकोस. समोर बस, म्हणजे मला ते तुझ्या तोंडावर सांगता येईल.

तुझाच, अजून तसं म्हणता येत असेल तर,
दादा