दुखत नाही, म्हणून

प्रिय ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन हाताशी असताना ताई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं ऐकत नाहीस, म्हणून. मी तोंड उघडलं की नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. अरे, माझा सगळा जन्म हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर गेला. 'साहेब आत्ताच बाहेर पडले' हे वाक्य किती चालींवर म्हणता येतं, ते तू मला शिकवू नकोस. तुझ्या दुकानाच्या दाराला घंटी आहे आणि ती दार उघडलं की वाजते. परवा 'ताई, गिऱ्हाईक आलं, ठेवतो' म्हणालास, तेव्हा घंटी वाजली नव्हती.

त्याच दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. बिचारी दबक्या आवाजात बोलत होती, म्हणजे तू शेजारच्या खोलीत पेपर वाचत पडलेला असणार. पन्नाशी ओलांडली, आता एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून टाका, असं तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस, तारीख घेतलीस आणि ती पुढे ढकललीस. पुन्हा घेतलीस, पुन्हा ढकललीस. पहिल्यांदा नव्या फ्रेमा यायच्या होत्या आणि दुसऱ्यांदा म्हणे पाहुणे. ढब्बू, तुझ्याकडे पाहुणी म्हणून मी एकटीच येते, आणि मी आले नव्हते. निदान थाप तरी अशी मार, जी चार दिवस टिकवता येईल.

'मला काय धाड भरलीय?' असं म्हणालास म्हणे. 'दोन वेळ जेवतो, गाढ झोपतो, सकाळी पोट घड्याळासारखं साफ होतं. चांगल्या चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं कशाला?' हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू गाड्या दुरुस्त करणारा असतास तर एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण तू चष्मे विकतोस! मागच्या खेपेला मी तुझ्या काउंटरमागच्या स्टुलावर बसले होते, आठवतं? ते बसड्रायव्हर काका आले होते. त्यांना फक्त वाचायचा चष्मा हवा होता. तू त्यांना त्या यंत्रापुढे बसवलंस, डोळ्यावर हवेचा फुसकारा मारलास आणि म्हणालास की डोळ्यातलं प्रेशर जरा जास्त दिसतंय, काचबिंदू असू शकतो, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. काका म्हणाले, अहो, मला लांबची पाटी स्वच्छ दिसते, डोळा दुखत नाही की खुपत नाही. तेव्हा तू काय म्हणाला होतास? 'काका, हा आजार दुखत नाही, म्हणूनच तपासायचा. दुखायला लागल्यावर याल, तर मी तुम्हाला चष्मा नाही, काठी विकेन.' मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, की तू विचारलं नसतानाही मी तुझ्याकडून नवी फ्रेम घेतली. ती नाकावर रुतते, तो भाग वेगळा. आता तो शहाणा माणूस गेला कुठे? का अक्कल दुकानाच्या शटरबरोबर खाली ओढून ठेवतोस?

खरं कारण मला ठाऊक आहे. तुला लाज वाटते. वाटणारच. आपल्या घरात कंबरेखालच्या कुठल्याही भागाला नाव नव्हतं. मला तर वर कॉन्व्हेंटची फोडणी. तिथे मुलीचं शरीर कॉलरपाशी संपायचं आणि गुडघ्याखाली पुन्हा सुरू व्हायचं, मधल्या भागाची जबाबदारी देवावर. पोटात दुखतंय असं वर्गात म्हणायची सोय नव्हती, 'मला बरं वाटत नाहीये, सिस्टर' एवढंच म्हणायचं आणि डोळे खाली ठेवायचे. डॉक्टरांपुढे अमुक जागा, तमुक जागा म्हणत कोड्यात बोलायची सवय मला त्या शाळेने लावली आणि ती मोडायला साठी उजाडावी लागली. त्यामुळे तुझी लाज मी समजू शकते. चालवून मात्र घेणार नाही. डॉक्टर लोक दिवसभर तेच बघतात. तुझ्या दुकानात आलेल्या माणसाचं नाक वाकडं आहे की सरळ, हे तू घरी जाऊन कुणाला सांगतोस का? तुला फक्त दिसतं, की याच्या नाकावर फ्रेम कुठे बसेल.

आणि लाजेच्या खाली भीती आहे, हेही मला ठाऊक आहे. तुझा पहिला दात हलायला लागला, तेव्हा तू आईचा मफलर तोंडाला गुंडाळून हिंडत होतास. घरात सगळ्यांना वाटलं, पोराचा घसा धरलाय. जेवायला बसलास की एका बाजूने चावायचास आणि कुणी बघितलं की थांबायचास. मी तुला गच्चीत गाठलं तेव्हा तुझं म्हणणं होतं, की तोंड मिटलेलं असलं की दात हलत नाही. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, म्हणून मला हसू आलं. आता हसू येत नाही.

या तपासणीत धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. क्वचित रक्त जातं, फारच क्वचित आतड्याला इजा होते. कागदावर सही घेताना ते सगळं सांगतात. जे लोक धडधाकट आहेत त्यांच्यासाठी दरवर्षी शौच तपासून घ्यायचा सोपा मार्गही आहे. तू डॉक्टरीणबाईंशी बसून, विचारून, समजून 'मला तो मार्ग बरा वाटतो' म्हणाला असतास, तर मी एक अक्षर बोलले नसते. पण तू निर्णय घेतच नाहीस. तू तारखा घेतोस. तारीख घेतली की बायको गप्प बसते आणि तारीख मोडली की तू सुटतोस, असा तुझा सोयीचा संसार चाललाय.

राहता राहिला त्रास. तो आहे, आणि तो आदल्या दिवशीचा आहे. दिवसभर पातळ खायचं, पातळ म्हणजे पलीकडचं दिसेल इतकं. गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. चहात दूध नसलं की मी माणसात नसते, हे तुला माहीत आहे. मग ते औषध. दोन लिटर पाण्यात कालवून ते एक एक पेला करत प्यायचं. त्याला लिंबाचा स्वाद असतो असं पाकिटावर छापतात. समुद्रात एक लिंबू पिळलं तर जेवढा स्वाद येईल तेवढा असतो. थंडगार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत गेलं तर उतरतं. त्यानंतर माणसाला घर मोठं नको असतं, संडास जवळ हवा असतो. मऊ टॉवेल ठेव, मलम ठेव, आणि वाचायला काहीतरी हलकं ठेव. मी शब्दकोडी घेऊन बसले होते, एकही पुरं झालं नाही.

हो, मी बसले होते. आता लक्षात आलं असेलच. मागे तुझ्याकडे जेवायला आले होते, तेव्हाच तुझी पहिली थाप ऐकली आणि ठरवलं, याच्याशी भांडायचं तर ऐकीव माहितीवर नको. मला कुठल्याही डॉक्टरने आजवर ही तपासणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मी 'बरं, बघू' म्हणून उठून आले असेन. मी गेले ती निव्वळ तुझ्याशी वाद जिंकायला गेले. सोबत कुणीतरी आणायचंच असा त्यांचा नियम आहे, कारण गुंगीचं औषध दिल्यावर एकट्याला घरी सोडत नाहीत. माझी बोर्डावरची जोडीदारीण आली. ती बाहेर बसून सगळ्या रिसेप्शनच्या पोरींना फोन कसा घ्यावा ते शिकवत होती म्हणे. आत मला मागून उघडा असलेला एक झगा दिला. तो ज्याने बेतला त्याला एकदा तोच घालून रस्त्यावरून चालवला पाहिजे. एक नर्स गोड आवाजात 'आजी, कुशीवर वळा' म्हणाली. मी म्हटलं, बाळ, मी लग्नसुद्धा केलेलं नाही, तू मला एकदम आजी कशी करतेस? ती इतकी हसली, की तिच्या हातातली सुई मला टोचली कधी ते कळलं नाही. मग मी डोळे उघडले आणि 'आता सुरू करणार का?' असं विचारलं. ती म्हणाली, 'मावशी, तुम्ही मघाशीच मोकळ्या झालात.' आजीवरून मावशीवर आले, तेवढाच माझा विजय. नंतर बिस्किट आणि दुधाचा चहा मिळाला. ढब्बू, इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण पुढचं सांगताना माझा आवाज सरळ राहणार नाही, आणि तू रिसीव्हर बायकोच्या हातात देशील. आत त्यांना एक पॉलिप सापडला, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब, चांगला मोठा. तिथल्या तिथे काढला आणि तपासायला पाठवला. काल त्याचा निकाल आला. कॅन्सर नाही, घाबरू नकोस, पण पुढे जाऊन ज्याचा कॅन्सर होतो त्याच जातीचा होता. आणखी काही वर्षं आत राहिला असता तर डॉक्टर माझ्याशी वेगळ्या स्वरात बोलल्या असत्या. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. वाद मी जिंकले, पण असा जिंकायचा नव्हता. मला तीन वर्षांनी पुन्हा जायचंय, ते मी शांतपणे ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, चोख उत्तरं दिली. मग डॉक्टरांनी विचारलं, भावंडं आहेत का? एक धाकटा भाऊ आहे, म्हटलं. त्यांनी तुझं वय विचारलं, आणि मला ते सांगता येईना. अख्खी टेलिफोन डिरेक्टरी पाठ असलेली बाई मी, तुझं वय तोंडातून बाहेर पडेना. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि सांगितलं, की तुझ्यासाठी ही तपासणी आता चारचौघांसारखी राहिली नाही, सख्ख्या भावाने ती टाळू नये आणि नुसत्या शौचतपासणीवर भागवू नये. तुमच्या डॉक्टरीणबाईंना माझा निकाल दाखवायचाय, त्याची प्रत सोबत ठेवली आहे. निर्णय तुझाच आहे, पोट तुझं आहे. हो म्हणालास, तर त्या दिवशी तुझ्या बायकोला दुकानात बसव, बाहेरच्या बाकावर मी बसेन. नाही म्हणायचं असेल, तर इथे ये, माझ्यासमोर बस आणि माझ्याकडे बघून म्हण.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई